रात्री दोनची इनोची पुडी

गेल्या अंकात झोपेत पायाला येणाऱ्या पेटक्यांबद्दल लिहिलं होतं, त्यानंतर जी पत्रं आणि मेल आले ते जवळजवळ सगळे छातीचे. प्रत्येकात वेळ लिहिलीय, रात्री दीड, पावणेदोन, पहाटे चार. दिवसा छातीत दुखलं तर माणूस निदान दवाखान्याची पायरी चढतो, रात्री दुखलं की घरातलेच डॉक्टर होतात आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर ओवा, हिंग, इनो यांची शोधाशोध सुरू होते. सहा पत्रं घेतलीयत. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही.

प्रश्न: माझे मिस्टर 56 वर्षांचे, 8 वर्षांपासून शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. मागच्या आठवड्यात रात्री पावणेदोनला उठून पलंगाच्या कडेला बसले, छातीच्या मधोमध जड वाटतंय म्हणाले, बनियन घामाने ओला. आदल्या संध्याकाळी लग्नात जेवण झालं होतं, मसालेभात, जिलबी, मठ्ठा, म्हणून मी इनो दिलं, पाठ चोळली, दोन मोठे ढेकर आले आणि अर्ध्या तासात बरं वाटून झोपले. सकाळी कामावर गेले. ते म्हणतात गॅस होता, ढेकर आला की बरं वाटलं ना! मला मात्र चैन नाही. गॅसचं आणि हार्टचं दुखणं घरच्या घरी कसं ओळखायचं?
– एक वाचक, बार्शी

उत्तर: ताई, सांगते, पण आधी एक काम करा. अंक बाजूला ठेवा आणि मिस्टरांना आजच्या आज घेऊन जा, ईसीजी काढा आणि डॉक्टरांना ही सगळी हकीकत जशीच्या तशी सांगा, पावणेदोन, घाम, अर्धा तास, ढेकर, सगळं. बरे दिसतायत, कामावर जातायत म्हणून रविवारची वाट बघू नका. 56 वय, शुगर, आणि झोपेत म्हणजे शरीराला काडीचे कष्ट नसताना छाती जड होऊन घाम फुटला, हे ऐकल्यावर गॅस हा शब्द सगळ्यात शेवटी उच्चारायचा असतो. अशी निवळलेली कळ कधीकधी मोठ्या ॲटॅकच्या आधीची असते, हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी धरते, थोडी सुटते, परत धरते, आणि मधल्या काळात माणूस कामावर जाऊन येतो.

आता फरक. खरं सांगू का, रात्री दोनला पलंगावर बसून तो खात्रीनं ओळखता येत नाही. तीस वर्षं प्रॅक्टिस करून मलाही येत नाही, म्हणून तर ईसीजीचं मशीन लागतं. हृदय आणि अन्ननलिका छातीत एकमेकांना खेटून, आणि दोघांच्या नसा मणक्यात जवळपास एकाच ठिकाणी शिरतात. जुन्या वाड्यात दोन बिऱ्हाडांना मिळून एकच कडी असायची ना, तसं. कडी वाजली एवढं मेंदूला कळतं, पाहुणा कुणाकडं आलाय ते कळत नाही. त्यातून हृदयाचा खालचा भाग पोटाच्या पडद्यावर टेकलेला असतो, त्याला रक्त कमी पडलं की मळमळ, उलटी, पोट फुगल्यासारखं, ढेकर, सगळं होऊ शकतं. त्यामुळे ढेकर आला म्हणून गॅस, हे गणित चुकीचं. इनोनं बरं वाटलं हेही काही सिद्ध करत नाही, कारण ती कळ पाण्याच्या पेल्यानंही त्याच वेळी थांबली असती कदाचित. उलटही होतं बरं का, अन्ननलिकेला पेटका आला तर तो सॉर्बिट्रेटनंही, म्हणजे हार्टच्या कळेसाठी जिभेखाली ठेवायच्या गोळीनंही, सुटतो, म्हणजे त्या गोळीनं थांबलं म्हणून हार्टच, असंही नाही.

तरी कल कुठं झुकतो ते सांगते. पेशंटला ‘कुठं दुखतंय दाखवा’ म्हटलं आणि त्यानं एका बोटानं बरगडीवरची जागा दाखवली तर मला जरा हायसं वाटतं, पण मूठ किंवा अख्खा पंजा छातीच्या मधोमध ठेवला तर माझा हात आपोआप ईसीजीच्या वायरींकडं जातो. हार्टचे पेशंट ‘दुखतंय’ असं म्हणतातच असं नाही, ‘दगड ठेवल्यासारखं’, ‘आवळल्यासारखं’, ‘जीव घाबरा होतोय’ असं म्हणतात, ते डाव्या हातात, दोन्ही हातात, जबड्यात, खांद्यात, पाठीत जातं, दरदरून घाम फुटतो. कूस बदलून, दाबून, श्वास रोखून त्यात फरक पडत नाही. पित्ताचं असेल तर जळजळ खालून वर घशाकडं येते, तोंडात आंबट पाणी येतं, उठून बसलं की उतरते. एवढं सगळं असूनही शुगरवाल्यांच्या बाबतीत हे नियम ढिले पडतात, वर्षानुवर्षांच्या शुगरनं नसा बधिर झालेल्या असतात, मोठा ॲटॅक येतो आणि माणूस नुसतं ‘अशक्त वाटतंय, घाम येतोय’ एवढंच म्हणतो. बायकांमध्ये आणि वय झालेल्यांमध्येही असंच, नुसती धाप, नुसती उलटी, नुसता जबडा. दातांच्या डॉक्टरकडून माझ्याकडं आलेली एक आजी मला अजून आठवते, दात एकही नव्हता तोंडात.

आणि रात्रीच का? आडवं झालं की पायांतलं रक्त छातीकडं परततं, हृदयाला जास्त भरावं लागतं. पहाटेकडं शरीर जागं व्हायच्या तयारीला लागतं, बीपी चढतं, रक्त जरा चिकट होतं, आणि ॲटॅकचं प्रमाण पहाटेपासून दुपारपर्यंत जास्त असतं ते त्यामुळं. हे आजचं ज्ञान नाही, इंग्लंडमधल्या विल्यम हेबर्डन या डॉक्टरनं 1768 मध्ये या दुखण्याचं वर्णन वाचून दाखवलं, 1772 मध्ये ते छापून आलं, आणि पुढं त्यानंच लिहून ठेवलंय की आधी चालताना येणारी कळ जुनी झाली की माणसाला झोपेतून उठवून बसवते.

एक गोष्ट सांगते. नवीन नोकरीला असताना माझी एका तालुक्याच्या दवाखान्यात कॅज्युअल्टीला ड्यूटी. सकाळी सव्वाआठला एक शेतकरी आला, पन्नाशीचा, चिखलाचे पाय तसेच. उसाला पाणी द्यायला रात्रीची लाईट होती, दोनला मोटर चालू करायला गेला आणि विहिरीवरच छातीत धरलं. बांधावर बसून राहिला, मग मोटर चालू केली (हो, चालू केली!), घरी आला, बायकोनं ओवा चघळायला दिला, आणि ठरलं की कुणाची झोपमोड नको, सकाळच्या पहिल्या एसटीनं जाऊ. ईसीजीवर मोठा ॲटॅक, सहा तास झालेले. औषध दिलं, वाचला, पण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असो की अँजिओप्लास्टी, जेवढं लवकर तेवढा हृदयाचा स्नायू वाचतो, आणि त्याचा बराचसा त्या सहा तासांत गेला होता. पुढची चार वर्षं तो माणूस गोठ्यापर्यंत चालला की धापा टाकायचा. गावात त्या रात्री दोन जीप उभ्या होत्या. मला राग त्याचा येत नाही, ‘सकाळी बघू’ या दोन शब्दांचा येतो.

तर ताई, परत तसं झालं तर. त्यांना उठून चालू देऊ नका, जिना उतरवू नका, अर्धवट बसतं करा, पाठीला उशा. लगेच 108 लावा, ढेकर येतो का ते बघत थांबू नका. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल, अल्सर किंवा रक्तस्राव झालेला नसेल, रक्त पातळ करायची दुसरी गोळी चालू नसेल, तर 300 मिलिग्रॅमच्या आसपास ॲस्पिरिन चावून खायला द्या, घरात 75 ची असेल तर चार, चावून हं, गिळून नाही. फोनवर 108 च्या माणसाला विचारून दिलीत तर उत्तमच. मात्र पाठीत आरपार फाटल्यासारखं दुखत असेल तर ॲस्पिरिन देऊ नका, तिथं मोठी रक्तवाहिनी चिरत गेलेली असू शकते. सॉर्बिट्रेट डॉक्टरांनी लिहून दिलेली असेल तरच, ती पण बसवून, कारण बीपी झपकन उतरतं. शेजाऱ्याच्या डब्यातली आणून ठेवू नका जिभेखाली. आणि पुरुषांनी लाजून लपवू नये अशी गोष्ट, संभोगासाठी व्हायग्रासारखी गोळी घेतलेली असेल तर सॉर्बिट्रेट जिवावर बेतू शकते, डॉक्टरला ते आधी सांगायचं.

व्हॉट्सॲपवर फिरतं ना, ‘एकटे असाल तर जोरजोरात खोकत राहा, ॲटॅक टळतो’, तो मेसेज डिलीट करा. खोकण्यात जो वेळ जातो तो फोनचा वेळ.

आज ईसीजी नॉर्मल आला तर? तर घरी येऊन पेढे वाटायचे नाहीत. कळ नसताना काढलेला ईसीजी साफ असू शकतो. दुखत असताना जरी गेलात तरी पहिला ईसीजी साफ येऊन तासाभरानं बदलतो, म्हणून परत परत काढतात आणि ट्रोपोनिन नावाची रक्ताची तपासणी करतात, तीही काही तासांनी पुन्हा करावी लागते. डॉक्टर ‘थांबा, परत काढू’ म्हणाले की बिल वाढवतायत असं समजू नका.

प्रश्न: मी 34, हिंजवडीत आयटीत. शिफ्ट संपून घरी यायला अकरा, जेवण साडेअकरा-बारा, बहुतेक ऑर्डर केलेलं, आणि लगेच आडवा. तासाभरात छातीत जळजळ, कधी घशात आंबट येऊन ठसका लागून जाग येते. सात-आठ महिने झाले. सिगरेट दिवसाला पाच-सहा. गुगल केलं तर हार्ट ॲटॅक येतं. घाबरू की नको?
– पुण्याहून एक वाचक

उत्तर: गुगलला छातीत दुखतंय म्हटलं की तो दुसरं काय सांगणार. तुमचं वर्णन पित्त वर येण्याचं आहे, अगदी पुस्तकात असतं तसं. अन्ननलिका आणि पोट यांच्यामध्ये एक स्नायूची कडी असते, पोट टम्म भरलेलं असताना तुम्ही आडवे झालात की ती सैल पडते आणि आम्ल वर येतं, उभं असताना निदान वजनानं तरी खाली राहतं. सिगरेट ती कडी आणखी सैल करते, दारूही, आणि जेवणानंतर मुखवास म्हणून पेपरमिंट चघळत असाल तर तेही.

गोळी सगळे विचारतात, पण तुमचं औषध घड्याळात आहे. जेवण आणि झोप यांच्यात निदान दोन ते तीन तास पाहिजेत. आता अकराला घरी पोचणारा माणूस हे कसं करणार? तर मुख्य जेवण ऑफिसातच आठ-साडेआठला उरका, डबा न्या, आणि घरी आल्यावर भूक असेल तर थोडं काहीतरी हलकं. रात्री बाराची बिर्याणी सुट्टीच्या दुपारी खा, बिर्याणीचं काही बिघडत नाही. दुसरं, पलंगाची डोक्याकडची बाजू उचला. दोन उशा घेऊन होत नाही ते, उशांनी मान वाकते, पोट दाबलं जातं आणि आणखी वर येतं. डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा आडव्या रचून ठेवा, साधारण सहा इंच होतात, अख्खा पलंगच उतरता झाला पाहिजे. पहिल्या दोन रात्री घसरल्यासारखं वाटतं, मग सवय होते. (बायको हसेल. माझा नवरा हसला होता, आता त्याच बाजूला झोपतो.) आणि डाव्या कुशीवर झोपा, पोटाचा आकारच असा आहे की डावीकडं झोपलं की आम्ल खालच्या खोलगट भागात राहतं, उजवीकडं झोपलं की थेट दारात येतं.

पॅन्टोप्राझोल वगैरे आम्ल कमी करणारी गोळी घ्यायची झाली तर जेवणाआधी अर्धा तास, रिकाम्या पोटी. जेवून आडवं झाल्यावर जळजळायला लागलं की घ्यायची ती गोळी नाही, आणि वर्षानुवर्षं स्वतःच मेडिकलमधून आणून खायचीही नाही. आणखी एक, अंगदुखीची किंवा पिंपल्सची कॅप्सूल एका घोटात गिळून लगेच झोपत असाल तर ती अन्ननलिकेला चिकटून तिथंच जखम करते, मग चार दिवस घास उतरताना दुखतं. भरपूर पाणी, आणि थोडा वेळ उभं राहा.

गिळताना अडकतंय, वजन उतरतंय, शौचाला काळं होतंय, रक्त कमी झालंय, यातलं काही असेल तर थांबू नका, दुर्बिणीतून तपासून घ्यावं लागतं. आणि 34 म्हणून हार्टच्या बाबतीत एकदम निर्धास्तही राहू नका. 52 देशांत झालेल्या इंटरहार्ट नावाच्या अभ्यासात (2004 मध्ये छापून आला) दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला ॲटॅक इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो असं दिसलं, आणि कारणांत तंबाखू अगदी वर. एकदा ईसीजी, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल करून घ्या, आणि सिगरेट सोडा, दोन्ही दुखण्यांना तेच लागू पडतं. जिना चढताना छाती भरून येते आणि थांबलं की बरं वाटतं, असं कधी झालं तर ते पित्त नव्हे.

प्रश्न: वय 46. गेले पाच महिने आठवड्यातून दोन-तीनदा पहाटे चार-साडेचारला छातीत आवळून जाग येते, दहा मिनिटं राहतं, आपोआप जातं. दिवसभर शेतातली कामं करते, तेव्हा काही होत नाही. अँजिओग्राफी केली, नॉर्मल. आता घरात सगळे म्हणतात टेन्शन आहे, डोक्यातून काढून टाक. मला मिश्री लावायची सवय आहे, त्याचा काही संबंध आहे का?
– कागल तालुक्यातून

उत्तर: आहे, आणि तो तुम्ही स्वतःहून लिहिलात म्हणून तुमचं कौतुक, कारण डॉक्टरनं ‘तंबाखू खाता का’ विचारलं की बायका नाही म्हणतात आणि मिश्रीचा डबा कमरेला असतो. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच.

हृदयाच्या रक्तवाहिन्या आतून स्वच्छ असूनही त्यांना मधूनच पेटका येऊ शकतो, पोटरीत गोळा येतो तसा. नळी तेवढा वेळ आवळते, रक्त थांबतं, छाती धरते, मग सुटते. हे बसल्या-झोपल्या जागी होतं, मध्यरात्र ते पहाट हीच त्याची वेळ, आणि कष्टाच्या वेळी बऱ्याचदा काही होत नाही. प्रिन्झमेटल या अमेरिकन डॉक्टरनं 1959 मध्ये हे वेगळं काढून दाखवलं म्हणून त्याच्या नावानं ओळखतात. तुमचं तेच आहे असं मी इथं बसून म्हणणार नाही, पण वेळ, दहा मिनिटं, दिवसा काही नाही, हे चित्र जुळतं. अँजिओग्राफी सकाळी अकराला केली, तेव्हा नळी मोकळीच दिसणार की. कार्डिऑलॉजिस्टकडं परत जा आणि सरळ विचारा, ‘ही रक्तवाहिनी आवळल्याची कळ असेल का?’ चोवीस तास अंगावर बांधायचं, सतत ईसीजी टिपणारं होल्टर मशीन असतं, त्यात पहाटेची कळ सापडली तर निदान पक्कं होतं. यावर चांगली औषधं आहेत, डिल्टियाझेमसारखी, आणि उलट बीपीच्या काही गोळ्यांनी, प्रोप्रॅनोलॉलसारख्या, हे वाढूही शकतं, म्हणून कुणाच्या सांगण्यावरून गोळी बदलू नका. मिश्री बंद. हळूहळू वगैरे नाही, बंद. आणि एखाद्या पहाटे दहाची पंधरा मिनिटं झाली, घाम फुटला, तर 108, आधीच्या नॉर्मल रिपोर्टची फाईल बरोबर घ्या पण तिच्यावर विसंबून घरी थांबू नका.

टेन्शननं छातीत दुखत नाही असं माझं म्हणणं नाही. पॅनिक ॲटॅक झोपेतूनही उठवतो, धडधड, हातापायाला मुंग्या, आता मरतोय असं वाटणं, दहाएक मिनिटांत शिखर गाठून ओसरतं. तेही खरं दुखणं आहे, त्यालाही उपचार आहेत. पण टेन्शन हा शिक्का सगळ्या तपासण्या झाल्यावर मारायचा असतो, आणि माझ्या बघण्यात तो बायकांवर फार लवकर मारला जातो.

प्रश्न: सासरे 71. रात्री झोपल्यावर तास-दीड तासानं दचकून उठतात, खिडकी उघडतात, छातीत कोंडल्यासारखं म्हणतात. हल्ली तीन उशा घेतात, कधी खुर्चीतच झोपतात. पाय सुजलेत. आम्ही दमा समजून पंपाचं औषध देतोय. बरोबर आहे का?
– सून, नांदेड

उत्तर: उशा मोजल्यात हे फार चांगलं केलंत. एकाच्या तीन झाल्या, पाय सुजले, झोपल्यावर तासाभरात गुदमरून उठतात आणि बसलं की बरं वाटतं, हे हृदयाचा पंप थकल्याचं लक्षण असायची शक्यता जास्त आहे. पाणी पायांत साठतं, आडवं झालं की ते छातीकडं येतं आणि फुप्फुसं भरतात. एक-दोन दिवसांत नाही, उद्याच फिजिशियनला दाखवा, ईसीजी आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करावा लागेल. तोवर पापड, लोणचं, वरून मीठ बंद, दुखण्याच्या गोळ्या बंद (त्या पाणी धरून ठेवतात), रोज सकाळी वजन करून लिहून ठेवा. रात्री तसं झालं तर पाय खाली सोडून ताठ बसवा. ओठ निळसर पडले, बोलताना वाक्य तुटायला लागलं किंवा गुलाबी फेस येऊन खोकला आला तर त्याच मिनिटाला ॲम्ब्युलन्स.

प्रश्न: डाव्या छातीत, एका बोटाएवढ्या जागी, कुशीवर वळलं की चमक भरते. वय 27. दाबलं की दुखतं. मरतोय का?
– नाव-गाव नको

उत्तर: नाही मरत. उसण भरलीय. जिमला नवीन गेलात, की बॅग एकाच खांद्यावर? बरगडीच्या कुरकुरीत हाडापाशी सूज असते, दाबल्यावर तंतोतंत तेच दुखणं येतं, शेक आणि थोडी विश्रांती यानं दोन-चार आठवड्यांत जातं. त्याच पट्ट्यात कातडी हुळहुळायला लागली आणि फोड आले तर नागीण, तिचं औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू केलेलं बरं. ताप-खोकला असेल, किंवा एका पायाची पोटरी सुजलीय आणि दम लागतोय (प्लास्टर, ऑपरेशन, लांबचा प्रवास यानंतर विशेष), तर मात्र उसण म्हणून सोडून देऊ नका, लगेच दवाखाना.

प्रश्न: मी न्यू जर्सीत, आईबाबा सांगलीत दोघंच, 68 आणि 74, बाबांना दोन स्टेंट. मागच्या महिन्यात रात्री बाबांच्या छातीत दुखलं तर आईनं आधी मला फोन केला. मी मीटिंगमध्ये, उचलला नाही. वीस मिनिटं ती माझ्याच कॉलबॅकची वाट बघत बसली. सुदैवानं निभावलं. इथून मी काय करू शकतो?
– एक मुलगा

उत्तर: त्या वीस मिनिटांचं ओझं घेऊन बसू नका, पण आज संध्याकाळी आईला फोन करून एक वाक्य सांगा, ‘आधी 108, मग शेजारी, मग मी.’ सांगलीत रात्रीचे दोन तेव्हा तुमच्याकडं दुपारचे साडेचार किंवा साडेतीन, तुम्ही ऑफिसातच असणार. आईला वाटतं मुलाला विचारल्याशिवाय ॲम्ब्युलन्स बोलावणं म्हणजे आगाऊपणा, खर्च, गल्लीत गाजावाजा. तिला तुमच्या तोंडून परवानगी हवीय, ती आत्ताच देऊन टाका. महाराष्ट्रात 108 ची सेवा 2014 पासून आहे, फुकट आहे, गाडीत डॉक्टर असतो. गोव्यातही हाच नंबर. तुम्ही मात्र तिथून 108 लावू शकत नाही, अमेरिकेतून तो नंबर लागतच नाही, म्हणून शेजारच्या दोन घरांचे मोबाईल नंबर तुमच्या फोनमध्ये पाहिजेत, एक तरुण मुलगा असलेलं घर निवडा, आणि त्यांच्याशी आधी बोलून ठेवा.

बाबांच्या स्टेंटच्या डॉक्टरांना विचारून ठेवा की रात्री कुठं न्यायचं. जवळचं प्रत्येक हॉस्पिटल चालत नाही, रात्री ईसीजी काढणारा माणूस आणि अँजिओप्लास्टीची सोय कुठं आहे हे रात्री दोनला शोधायची गोष्ट नव्हे. स्टेंटचं कार्ड, शेवटचा ईसीजी, गोळ्यांची यादी, कशाची ॲलर्जी, सगळं एका प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये, फ्रिजवर. जुना ईसीजी फार कामाचा, नवा त्याच्या शेजारी ठेवला की काय बदललंय ते डॉक्टरला झटकन दिसतं. त्यांना सॉर्बिट्रेट लिहून दिलेली असेल तर ती कशी घ्यायची, किती मिनिटांनी थांबली नाही तर काय, हेही डॉक्टरकडून कागदावर लिहून घ्या, मोठ्या अक्षरात, आईच्या चष्म्याशिवाय वाचता येईल असं. बाबा पडले, हलवून जागे होत नाहीत आणि श्वास नीट चालत नाही, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, दोन इंच खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबत राहायचं, मदत येईपर्यंत. आईच्या मनगटात तेवढा जोर नाही म्हणून शेजारच्या त्या मुलाला हे शिकवून ठेवा, व्हिडिओ कॉलवर उशी ठेवून करून दाखवता येतं.

आणि 108 ला फोन झाला की आईनं सगळ्यात आधी बाबांजवळ बसायचं नाही, उठून दाराची कडी काढायची, बाहेरचा दिवा लावायचा, गेट उघडं करायचं आणि मग त्यांच्यापाशी यायचं. आतून कडी लावलेल्या दाराबाहेर स्ट्रेचर घेऊन मी स्वतः उभी राहिलेली आहे, आत बाई फोनवर मुलीशी बोलत होती आणि तिला बेल ऐकूच येत नव्हती.